डागाला संदर्भ नाही

सोलापूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

उद्या नर्सिंगच्या प्रकल्पाचा पहिला भाग द्यायचाय आणि कागद कोरा! विषय माझा मीच निवडला, मरायला. बाळाचं पोट फुगलं की आपल्याकडे तापवलेल्या बिब्ब्यानं डागतात, तो. त्यावर आधी कोणी काय लिहिलंय ते मांडायचं. कोणी म्हणजे कोणीच नाही! ग्रंथालयातली इंग्रजी पुस्तकं सगळी चाळली. आंघोळ कशी घालावी, दुधाची बाटली कशी उकळावी. त्यात बिब्बा कुठून असणार?

शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "संदर्भ नसतील तर विषय बदल." आता? आदल्या दिवशी?

दुपारी वॉर्डात होटगीचं एक बाळ आलं. बेंबीशेजारी डाग, अजून ओला. मी त्याच्या आईवर ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "आमच्यात समद्यांनाच देत्यात की, बाई. तुमाला न्हाय दिला व्हय?"

तो ओला डाग डोळ्यांपुढून हलत नाही. आणि माझे? बेंबीच्या डावीकडे दोन, आता पांढुरके पडलेत. आईनंच दिलेले.

सिस्टरना संदर्भ पाहिजे. मग उद्या काय, पोट उघडं करून दाखवू त्यांना?