करदोड्याला बांधलेली कादंबरी

३ ऑगस्ट
संशय पक्का. माझी कादंबरी कुणीतरी चोरून वाचतंय. 'दुधनाकाठचा दरोडा', पानं दोनशे चौदा, शाळेच्या ऑफिसातल्या कम्प्युटरवर 'जुने टीसी' या फोल्डरमध्ये. आज माउस डावीकडे होता. मी उजवीकडे ठेवतो. ऑफिसात क्लार्क दोनच, मी आणि शिवशंकर. मी तर नाही.

४ ऑगस्ट
शिवशंकर डावखुरा आहे, हे आज कळलं. मग? डावखुरे वाचत नाहीत का?

६ ऑगस्ट
उपाय सापडला. एक व्हिडिओवाला सांगतो, पेनड्राइव्हवर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येते. नुसत्या फायली नव्हे, सगळा कम्प्युटरच खिशात. काम झालं की उपटायचा. दोन पेनड्राइव्ह लागतात, एकावरून दुसऱ्यावर बसवायला. दुकानदारानं कशाला हवेत म्हणून विचारलं. लग्नाचे फोटो आहेत म्हणालो. त्याला कशाला चौकशा?

९ ऑगस्ट, रविवार, सकाळी ११
बायकोला, मनकर्णाला सांगितलं, शाळेच्या टाकीचं पाणी बघून येतो. व्हिडिओवाला बजावतो की कम्प्युटरची मूळ डिस्क आधी काढून ठेवा, नाहीतर सुरू व्हायची किल्ली तिच्याकडून पेनड्राइव्हकडे जाते. पण स्क्रू फिरवलेले शिवशंकरला कळतील. नाही काढली.

दुपारी १
सिस्टिम बसली! कादंबरी तिच्यात हलवली, जुनी पुसली. पासवर्ड विचारत होता. टाइप करताना बोटं दिसतात, म्हणून ठेवलाच नाही. पेनड्राइव्ह करदोड्याला बांधला, कपाटाच्या किल्लीशेजारी. आता बघू कोण वाचतो.

१० ऑगस्ट
शिवशंकरनं कम्प्युटर बिघडवला. काळा पडदा, त्यावर इंग्रजीत दोन ओळी. त्याचं म्हणणं, नुसतं बटण दाबलं. सगळे चोर असंच म्हणतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचेत, त्यामुळे हेडमास्तर आबासाहेब सर चिडले. मी सहज माझा पेनड्राइव्ह लावला तर सुरू. काढून बंद-चालू केला की पुन्हा काळा. मला अडकवायलाच त्यानं हे केलं असणार.

१२ ऑगस्ट
मेकॅनिक परभणीहून महिनाअखेर येणार. इथं दिवसातून चार वेळा लाइट जाते. लाइट आली की मी शर्ट वर करून, कम्प्युटरला पोट टेकून उभा. करदोडा आखूड आहे. राजेश्रीबाई हजेरीपट न्यायला आल्या, तशाच परत गेल्या. शेवटी आबासाहेब सर म्हणाले, "दत्तराव, शर्ट खाली करा, अन् ते काय हाय ते इथंच राहू द्या."
करदोडा कापला. मनकर्णा म्हणाली, जित्या माणसाचा करदोडा तोडतात का.

१३ ऑगस्ट
घात. जुनी सिस्टिम निवडायला मी शेजारी नसलो, की कम्प्युटर आपोआप माझ्याच सिस्टिममध्ये उघडतो. समोर एकच फाइल, माझी. शिवशंकर फॉर्मही त्यातच भरतो. हे लय फास्ट हाय म्हणे. वाचणार, नाव बदलणार, छापणार. मला जेवण गेलं नाही.

१८ ऑगस्ट
फाइल शेवटची कधी उघडली ते कम्प्युटर सांगतो. ९ ऑगस्ट. म्हणजे मीच. पुरावे पुसतोय. हुशार आहे.

२१ ऑगस्ट
सापळा. फाइलचं नाव बदललं: 'अत्यंत खाजगी, कुणीही उघडू नये'.

२४ ऑगस्ट
९ ऑगस्टच.

२५ ऑगस्ट
नाव बदललं: 'शिवशंकरबद्दल'.

२६ ऑगस्ट
९ ऑगस्टच. न राहवून त्यालाच विचारलं, ही फाइल कुठली रे? म्हणाला, "काय म्हाईत काका. लय जागा खायलीय, डिलीट मारू का?" नको म्हणालो. कादंबरी आहे, हेही सांगितलं. दरोडा आहे, प्रेम आहे, शेवटी पूर येतो. तो बरं म्हणाला आणि पुढचा फॉर्म घेतला.

२९ ऑगस्ट
मेकॅनिकनं कम्प्युटर नीट केला. पेनड्राइव्ह परत मिळाला. मनकर्णानं नवा करदोडा आणलाय. बांधला नाही. निघताना पेनड्राइव्ह शिवशंकरच्या टेबलावर विसरलो. उद्या रविवार. निवांत वेळ असतो माणसाला.

३० ऑगस्ट, रविवार, सकाळी ८
शिवशंकर सायकल मारत घरी आला. पेनड्राइव्ह हातात दिला. "काका, तुमचा ऱ्हायला होता. आत काय बी बघितलं न्हाई, आईची आण."
चहा पाजला. खोटं बोलतोय का, म्हणून बराच वेळ तोंडाकडे बघितलं. खरं बोलत होता.