ओटीतला एकच नारळ

९ नोव्हेंबर
जॉर्जिया देशात दुसऱ्या बाईच्या पोटात मूल वाढवून घ्यायचं, तर खरा खर्च असा: नारळाचं गोदाम, दोन्ही टेम्पो आणि वालावलची सुपारीची बाग. एजंट फोनवर आकडे सांगत होता, मी मनात एकेक विकत होतो. अमेरिकेत करायचं तर हे सगळं, आणि वर मलाही विकावं लागेल. दोनदा म्हणाला, "तिथला कायदा बदलायच्या आत ठरवा." घाई करणाऱ्याचा माल मी घेत नाही.
मनाली शेजारीच बसलेली. गेल्या वर्षी बाळंतपणात बाळ गेलं, पिशवीही काढावी लागली. माझी लेक. बाग विकेन. पण...

१४ नोव्हेंबर
कुडाळला वकिलांकडे. आपल्याकडे बाईला मोबदला द्यायचाच नाही. दवाखाना आणि विमा तेवढा आपला. बाई लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, पंचवीस ते पस्तीसमधली. आयुष्यात एकदाच. पैसे दिले तर तुरुंग.
म्हटलं, "साहेब, फुकट कोण करील हो?"
"तीच शोधायचीय."
जन्म भाव करण्यात गेला. इथे भावच नाही.

१६ नोव्हेंबर
सूनबाई सुप्रिया बांगडे साफ करता करता म्हणाली, "बाबानु, मी आसंय मा. भायर कित्याक शोधतास?"
नितीन, माझा मुलगा, जेवता जेवता थांबला. "ओवीच्या बाळंतपणात किती त्रास झालो तुका!"
"झालो तो माका. तू कित्याक घाबरतंस?"
मनाली उठून परसात गेली. सुप्रिया हात न धुताच तिच्या मागे. माझे कान तिखट, तरी दोघींचं बोलणं कळलं नाही.

३ डिसेंबर
कुडाळहून सुप्रियासाठी सोन्याच्या पाटल्या आणल्या. सौ. म्हणाली, ओटीत घालू, ओटीचं कोण विचारतो? सुप्रियाने डबी उघडली, मिटली. "तुरुंगात तुमका डबो कोण आणतलो, बाबानु?" हसलो सगळे.
मग माझ्याकडे न बघता, "ह्या घेतलंय तर पोर इकत घेतलेलां जातला. मनालीक जन्मभर तसांच वाटतला."
पाटल्या परत. सोनाराने घट म्हणून पैसे कापले, तरी भाव केला नाही. मी!

२१ जानेवारी
दवाखान्याचे कागद झाले, आज कोर्ट. न्यायाधीश बाईंनी सुप्रियाला एकटीला पुढे बोलावलं. पैसे? दागिने? कुणाची जबरदस्ती? सगळ्याला "नाही".
"काहीच घेणार नाही?"
सुप्रिया शुद्ध मराठीत, "जाताना ओटीत नारळ घालतील. तो घेऊ ना?"
बाई हसल्या. "नारळ घ्या."
म्हणजे सरकारने मला एकच वस्तू द्यायची मुभा दिली, आणि ती नेमकी माझ्या धंद्यातली! डोक्यावर नारळ घेऊन दारोदार फिरायचो, तेव्हापासून कानाने निवडतोय. माझ्या हातचा नारळ आजवर कुसका, आतून सडलेला, निघालेला नाही. हे वकिलांनाही ऐकवलं. दोनदा.

१० मार्च
उद्या पहाटे कोल्हापूरला. मनालीचं आणि जावयाचं बीज सुप्रियाच्या पोटात ठेवणार. गोदामात सकाळभर नारळ वाजवत बसलो. गडी म्हणाले, शेठ आज गिऱ्हाईक कोण? एक निवडला. भरीव, पाणी हलताना गोड आवाज.
सौ. ओटी भरायला उठली. सुप्रिया म्हणाली, "आई नको. मनाली भरतली."
मनाली मागे सरली. "माझ्या हातान नको, वयनी."
"तुयाच भर गो. तुजाच काम आसा."
भरली. तांदूळ थोडे खाली सांडले. नारळ मी नीट पाहिला. पदरात घट्ट बसला होता.

२४ मार्च
सुप्रिया परत आली, ठीक आहे. मळमळतं म्हणते, गाडीमुळेही असेल. रक्ताचा रिपोर्ट उद्या. मनाली सुप्रियाच्याच खोलीत झोपायचं म्हणते.
ओटीचा नारळ देवापुढे होता. आल्यावर गोड करायचा, म्हणून सौ.ने गूळ किसला. फोडायला मीच बसलो, सगळे भोवती.
फोडला, तसे सगळे वाकून बघायला लागले. मग सुप्रियाच हसली, "बाबानु, उद्या रिपोर्ट कानान नको हां बघूक." मनालीही हसली. तिचा हात सुप्रियाच्या मुठीत.
गूळ डब्यात परत.
नारळ कुसका निघाला.