कोरडा टॉवेल

बुधवार, १२ ऑगस्ट

ती. दादास,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण एवढं वाकायची माझी तयारी नाही. नुसता नमस्कार. मी बरी आहे. तू बरा असशीलच, तुला कधी काही होत नाही. वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. मुलांना आत्या आहे हे ठाऊक असेल तर.

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांत पहिलं. पाकिटावर माझं नाव तुझ्या अक्षरात बघून आधी वाटलं, आई गेली. उभ्याने फोडलं. मग कळलं की आई आहे, आईची काळजी घेणारी बाई गेली आहे. साथीच्या भीतीने ती आपल्या घरी निघून गेली, वहिनीचं ऑफिस घरात आलं, आईला कुशीवर वळवायला कोणी नाही. म्हणून तुला बहीण आठवली. ‘झालं गेलं विसरून घरी ये’ असं लिहिलंस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? सरळ लिहायचं होतंस, फुकटची बाई हवी आहे.

माझं डोकं फिरलं होतं तेव्हा माझ्या हातचा चहा तुमच्या घरात कोणी प्यायचं नाही. वहिनी सुऱ्या कपाटात ठेवून कुलूप लावायची. आता आईची औषधं माझ्या हाती द्यायला निघालात! मी बरी झाले म्हणून नव्हे. तुम्ही अडलात म्हणून.

आणि वर कडी म्हणजे तू इथे ताईंना फोन केलास. ‘ती महिनाअखेर खोली सोडते आहे, दुसऱ्या कोणाला द्या.’ मला न विचारता! ताई म्हणजे घर नसलेल्यांसाठी ही संस्था चालवतात त्या. आम्हाला खोलीही त्याच देतात आणि कामही त्याच शोधून देतात. त्यांनी मला बोलावून विचारलं, ‘खरंच जाताय?’ मी म्हटलं, ‘माझ्या खोलीची किल्ली माझ्या भावाच्या खिशात कधीपासून?’ त्या हसल्या, पण नियम त्यांनी स्पष्ट सांगितला. साथ असेपर्यंत इथून बाहेर राहायला गेलं की खोली गेली आणि कामही गेलं. खाली फूटपाथवर वाट बघणारी माणसं आहेत. तुला हा नियम माहीत होता, ताईंनी फोनवरच सांगितला होता. म्हणजे माझा परतीचा रस्ता बंद करूनच तू मला बोलावत होतास.

तू लिहिलंस, ‘तिथे तसंही तू काय करतेस?’ सांगते. ही इमारत पूर्वी लॉज होती. प्रत्येकाला एक खोली, एक खिडकी, आतून लागणारी कडी. आतून लागणारी, दादा. तळघरात धुलाईखाना आहे, तिथे मी काम करते. दवाखान्याच्या चादरी येतात. उकळत्या पाण्यात काढायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून घड्या घालायच्या. हात सोलवटले आहेत, पण माझ्या घड्या बघून दवाखान्यातून निरोप येतो की अशाच पाठवा. घरी माझ्या घडीची चादर वहिनी परत उलगडून घालायची.

शेजारच्या खोलीत कंडक्टर राहतात. दारूपायी बस गेली, घर गेलं, आता सुटली आहे. दारू म्हणते मी. जन्मभर बसमध्ये ‘पुढे सरका’ ओरडले, आता जेवणाच्या रांगेत ‘मागे सरका, मागे सरका’ ओरडतात. त्यांच्याविषयी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी जिवंत आहे ती त्यांच्यामुळे.

साथ आल्यापासून इथे एक पद्धत आहे. दारं वाजवायची नाहीत. सकाळी उठलं की आपला टॉवेल बाहेरच्या हँडलवर टांगायचा, म्हणजे आत माणूस ठीक आहे. टॉवेल नसला की ताई तो पांढरा पोशाख चढवून दार उघडतात. मला ताप आला तेव्हा मी टॉवेल टांगला आणि कडी लावून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी उठताही आलं नाही, पण टॉवेल होताच बाहेर. मूर्खपणा होता, मान्य. पण आजारी पडलं की जवळच्या नातेवाइकाला फोन जातो, आणि माझ्या नावापुढे तुझा नंबर होता. मला तापाची भीती नव्हती, त्या फोनची होती.

कंडक्टर जाता जाता माझ्या दारापाशी थांबले. ताईंना म्हणाले, ‘ह्या बाईचा टॉवेल रोज ओला असतो. धुतल्याशिवाय ती टांगतच नाही, धुलाईची खोड आहे तिला. आज खडखडीत कोरडा आहे. दार उघडा.’ ताई म्हणाल्या, ‘टॉवेल आहे की.’ तर हे दारासमोर फतकल मारून बसले. ‘उघडल्याशिवाय गाडी हलणार नाही!’

कडी तोडावी लागली. मला जिन्यावरून खाली आणलं, दवाखान्याच्या गाडीची वाट बघत बसवलं. ताईंच्या हातात दोन-दोन हातमोजे, त्यामुळे त्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला आणि तुझा नंबर लावला.

हे लिहायचं नव्हतं. पत्र दोनदा इथेच थांबवलं होतं.

तू म्हणालास, ‘कोण? नाही हो, आमच्याकडे असं कोणी नाही. राँग नंबर.’ मागून आईचा आवाज आला, ‘कोणाचा फोन रे?’ आणि तू म्हणालास, ‘कोणाचा नाही. झोप तू.’

मी शुद्धीवर होते, दादा. ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, एवढी लाज त्यांना वाटली. लाज तुझी, वाटली त्यांना. कंडक्टर जिन्यातून म्हणाले, ‘माझा नंबर लिहा. नातं विचारलं तर शेजारी लिहा. चालतं का शेजारी?’ चाललं.

मी वाचले. काम ताईंनी राखून ठेवलं होतं. तुझा राग करायलाही मला पुष्कळ दिवस ताकद नव्हती. आता आहे. भरपूर आहे.

तर माझं उत्तर. मी तुझ्या घरी राहायला येणार नाही. खोली सोडणार नाही, काम सोडणार नाही. पण तू लिहिलंस की आई झोपेत माझं नाव घेते. तिथे मी रडले. ते खोटं असेल तर तुला नरकातही जागा मिळणार नाही, आणि खरं असेल तर पुढचं नीट वाच.

तळमजल्यावर दोन खाटांची खोली आहे. ताईंनी ती आईसाठी आणि माझ्यासाठी दिली. माझी पाळी सकाळची. त्या वेळेत इथली नर्स आईला बघेल, आणि कंडक्टर दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला आत्तापासूनच तयार आहेत. पुढच्या शुक्रवारी, २१ तारखेला सकाळी, आईला न्यायला संस्थेची गाडी येईल. आईची औषधं, चष्मा आणि तिची जाड गोधडी बांधून ठेव. तू नाही म्हणणार नाहीस. तुझी अडचण सुटते आहे, आणि अडचण सुटली की तू प्रश्न विचारत नाहीस. लोकांना काय सांगायचं ते तूच ठरव, तुला जमतं.

मी गाडीतून उतरेन. तू दारात उभा राहू नकोस, माझ्याशी बोलू नकोस. फक्त एक कर. घंटा वाजली की आई आतून विचारेल, ‘कोण आलं रे?’ तेव्हा खरं सांग. मी दाराबाहेर ऐकत असेन.

तुझी बहीण
(फोनवर आठवलं नव्हतं, म्हणून लिहून देते.)