पालखीपुढचे ताट

मी, रावजी काशीराम पांचाळ, वय एकोणपन्नास, धंदा सुतारकाम, राहणार वरचीवाडी, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, ग्रामदेवीला स्मरून हे मृत्युपत्र माझ्या मनाने लिहून ठेवतो. छातीचे दुखणे बरे होण्यातले नाही, असे डॉक्टर म्हणतात. डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर, परसातली विहीर व पोस्टातली शिल्लक पत्नी मालन हिची. आम्हांला मूलबाळ नाही. "एकटीला एवढं घर कशाला," म्हणून तिला कोणी हलवू नये.

२. हत्यारे चुलतभाऊ बाबू याला. माझा मोठा रंधा त्याने मांडवासाठी नेला, तो आणलाच नाही. तोही आता त्याचाच. राग सोडला. पाते मात्र घासून ठेवावे.

३. सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळमाळावरची, आंब्याची बाग देवीच्या देवळाला. याबद्दल जास्त लिहावे लागेल.

देवळाचा जीर्णोद्धार निघाला तेव्हा समितीचा अध्यक्ष हरिश्चंद्र, माझा बालमित्र, याने शिमग्यात घरोघर जाणाऱ्या पालखीपुढे ताट फिरवण्याची रीत घातली. पहिली शंभराची नोट तो स्वतःच ठेवी, म्हणजे पुढच्याला चिल्लर टाकायची लाज वाटावी. आकडा कर्ण्यावर पुकारायचा. मोठ्या रकमेला पायरीवर नाव. मी म्हटले, "लोक नारळ-तांदूळ देतात, ते पुरे नाही का?" तो हसला. "रावजी, नारळानं कौलं चढतात काय? देवी दारात उभी असताना नाय कोण म्हणतो, सांग!"

खरेच कोणी 'नाय' म्हणाले नाही. देऊळ चांगले झाले. दरवाजे माझ्याच हातचे आहेत.

माझी थोरली बहीण सोनूबाई विधवा, वाडीच्या टोकाला एकटी राहते. दरवर्षी अंगण सारवून पालखीची वाट बघायची. ताट सुरू झाले त्या वर्षी तिचे दार बंद होते. बंद दारी आमच्यात पालखी थांबत नाही. पालखीला खांदा माझा होता. आत भांडे वाजलेले मी ऐकले, आणि पालखी पुढे गेली.

मागाहून गेलो, तेव्हा म्हणाली, "देवीला उघडलं असतं रे. कर्ण्याला कसं उघडू? 'सोनूबाई, मूठभर तांदूळ,' म्हणून पुकारणार होता काय?" पुढे म्हणाली, "चाय घे." तेव्हापासून दर शिमग्याला ते दार बंदच.

गेल्या महिन्यात हरिश्चंद्र शाल-नारळ घेऊन आला. "बाग देवीला लिही, पहिल्या पायरीवर तुझं नाव." बाग लिहितो, पण त्याच्या शालीसाठी नव्हे. नाव नको. अट एकच: पालखीबरोबर ताट आणि कर्णा फिरू नये. ज्याला द्यायचे त्याने देवळातल्या पेटीत टाकावे, बघायला कोणी उभे राहू नये. अट मोडल्यास बाग सोनूबाईची. हेही भीड घालणेच झाले, हे मला कळते. देवीने सांभाळून घ्यावे.

४. येत्या शिमग्याला मी असेन असे वाटत नाही. पालखी आधी सोनूबाईच्या अंगणात न्यावी. दार बंद असले तरी थांबावे. हाक मारावी. उघडेपर्यंत खांदे बदलत राहावे.

ठिकाण: वरचीवाडी
दिनांक: १९ जानेवारी १९८६

(सही) रावजी काशीराम पांचाळ

साक्षीदार:
(सही) भिकाजी तुकाराम गोरिवले, निवृत्त शिक्षक. माझ्यासमोर सही केली.
(सही) हरिश्चंद्र धोंडू शिगवण. वाचून सही केली. ताट घरी नेतो. टोकाच्या घरापर्यंत खांदा माझा.