कार्मिणीच्या बाजूची कवंदी

धाकट्या कार्मिणीला थोरल्या रुझायचा आशीर्वाद, घेतलास तर. देवमातेच्या कृपेनं मी बरी आहे, गुडघे सोडून. तुझी कंबर कशी आहे ते कळव; खरी कशी आहे ते, शेजारणींना सांगतेस ती नको. अक्षर माझ्या सुनेचं, फिलूचं; शब्द माझे. (कंसातलं मात्र माझं, मावशी. सासूबाईंना वाचता येत नाही, तेव्हा कंस घालायला हरकत नाही. – फिलू)

तर आमची लेक तेरेझ नाताळाच्या आधी बाळंत होणार. फिलू म्हणाली, हल्याळच्या बाजारातून मऊ ब्लँकेट आणू. (मी नुसतं विचारलं होतं.) त्या ब्लँकेटवर वाघ असतो. पोरानं जन्मल्या जन्मल्या वाघ बघायचा? म्हटलं, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी मी शिवते, आणि शिवीन तर मायनं शिवली होती तशीच, जिच्याखाली आपण दोघी निजायचो.

कवंदीला ना माप, ना नक्षी, हे तुला सांगायला नको. एक कोपरा धरायचा, हाताला येईल तो तुकडा लावायचा आणि कडेकडेनं फिरत आत यायचं. मी भिंतीकडच्या कोपऱ्यापासून निघाले. सगळं कसं डोळ्यांसमोर! बाबाच्या लुंगीचा हिरवा तुकडा, त्याला लागून मायच्या लुगड्याचा जांभळा काठ, मग पिठाच्या पोत्याचं पांढरं, ज्याला मी नाक पुसायचे. अशी ऐटीत पायथ्याशी पोचले, कोपरा वळले, तुझ्या बाजूला आले, आणि सुई थांबली. तिकडे काय होतं? मला काय माहीत! तिकडे तू होतीस, आणि कवंदी ओढून अंगाखाली दाबून घेतलेली असायचीस. माझ्या वाट्याला भिंत.

उसवलं. दुसरा कोपरा धरला, तर तिथून लगेचच तुझी बाजू. पुन्हा उसवलं. कुठूनही निघा, मध्ये तू आडवी आहेसच.

मग गावाला वाचा फुटली. शेजारची इनासीन म्हणाली, "अगं रुझाय, ह्या बाजूचंच उलटं करून तिकडे लाव की." म्हटलं, "म्हणजे कार्मिण माझ्यासारखी दिसायला लागेल. चालेल तिला?" तर म्हणते, "तिला चालेल गं, तुलाच चालणार नाही." (तिला चहा मिळाला नाही.) आमचा बस्त्यांव म्हणाला, "मांय, कुणाला कळणार आहे? लाव काहीही." लावलं काहीही, म्हणजे त्याचीच जर्सी. ती ओढली की म्हशीएवढी, सोडली की बाळाच्या टोपीएवढी. त्यात टाका घालायचा तरी कुठे? (जर्सी दोरीवर वाळत होती. ते अजून शोधताहेत.)

कुणाला कळणार म्हणे! मला कळेल, तुला कळेल. आणि पोरानं काय एका कुशीलाच ऊब घ्यायची?

तेव्हा तुझ्या बाजूचे रंग कळव. ये म्हणून सांगत नाही. तेरेझच्या लग्नात तुझ्या डुकराच्या रश्शाला मी खारट म्हटलं, तेव्हापासून तू आमची पायरी चढली नाहीस, हे माझ्या लक्षात आहे. रस्सा खारटच होता.

तुझी बहीण
रुझाय
(अंगठा त्यांचाच. शाई कमी, हळद जास्त.)

ता. क. पत्रात रंग नीट उमटत नाहीत. तू 'निळा' म्हणशील, फिलू 'निळा' वाचेल. पण कुठला निळा? म्हणून आलीसच तर बरं, इतकंच. रस्सा मी करीन.

ता. क. आणखी एक. सुई तुझी तू आण. माझी देणार नाही.

ता. क. (हे सगळंच माझं, आणि हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही. मावशी, परवा चुलीपाशी बसून सासूबाईंनी तुमची बाजू मला तुकड्यातुकड्यानं सांगितली. उशाशी पिवळं झंपर, कुशीला काळ्या छत्रीचं कापड, गुडघ्यापाशी निखाऱ्यानं पडलेलं भोक आणि त्यावर तांबडं ठिगळ. सगळं पाठ आहे. मी म्हटलं, "मग शिवा की!" तर म्हणाल्या, "शिवून टाकली तर ती कशाला येईल?")