पकडीचे तीन दात

३ मार्च, सोमवार

दादाला घरी आणलं. छातीचे डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवून उपयोग नाही, घरीच बरं वाटेल. म्हणजे काय ते मला कळलं, दादालाही कळलं. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर त्याने एकच विचारलं — "मागच्या खोलीतली मोटरसायकल आहे ना अजून?"

आहे. जाते कुठे! एकवीस वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. ही दर वर्षी म्हणते, भंगारवाल्याला देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल. मी कानाडोळा करतो.

दादाला ती चालू करून हवी आहे. एकदा आवाज ऐकायचाय म्हणे. आणि मग बुटकीला द्यायची! जी पोरगी बापाला बाप म्हणत नाही, माझ्यापाशी "तुझा भाऊ" म्हणते, तिला!

हो म्हणालो. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

५ मार्च, बुधवार

कारखान्यात सव्वा महिन्याची रजा टाकली. मागची खोली झाडून घेतली. ताडपत्रीला हात लावला नाही.

९ मार्च, रविवार

काढली.

टाकी चेपलेली, उजवं हँडल वाकलेलं, स्पोक गंजून तपकिरी. तेव्हा दोरीने बांधून आणली तशीच. चेन सुटून मागच्या चाकाशी लोंबत होती. ती आधी उचलली, पोत्यात घातली, पोत्याचं तोंड बांधलं. बघितली नाही.

कुणाशीच बोललेलो नाही, हिच्याशीसुद्धा नाही. इथे लिहितो.

तेव्हा गाडी दादाची, पण तिचा मेकॅनिक मी. दादा चालवणार, मी दुरुस्त करणार, अशी वाटणीच होती. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी मी चेन काढून, धुऊन परत बसवली. चेनची दोन टोकं एका कडीने जोडतात आणि त्या कडीवर नखाएवढी क्लिप बसते. ती निघाली की चेन निघाली. क्लिप जुनी झाली की नवीन घालायची, हे कालच्या शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. आमची सैल झाली होती. दुकान बंद झालेलं, दादाला सकाळी निघायचं. मी जुनीच पकडीने आवळली. पकड सटकली आणि क्लिपच्या एका पायावर तिचे तीन दात उमटले. दादा शेजारी उभा होता. "सही केलीस वाटतं!" म्हणाला. दोघंही हसलो. आठवडाभर चालेल, मग नवीन घालू, असं मी म्हणालो.

सकाळी दादा आणि वहिनी निघाले. तलावाच्या वळणावर गाडी फेकली गेली. दादाचा खांदा मोडला. वहिनी जागच्या जागी गेली.

चौकीत दादाने स्वतःहून सांगितलं — वेगात होतो, वळण आवरलं नाही. सगळ्यांनी तेच धरलं. मीही धरलं. घट्ट धरलं.

दादाचं पुढे काही खरं राहिलं नाही. हात गळ्यात बांधून रोज त्या वळणावर जायचा, मान खाली घालून रस्त्याच्या कडेने फिरत बसायचा. महिनाभर! लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. मग एक दिवस अचानक थांबला. त्याच आठवड्यात बुटकीला आमच्या दारात आणून सोडलं आणि परगावी नोकरीला निघून गेला. ती सात वर्षांची होती. आम्हाला मूल नव्हतं. ती आमचीच झाली.

१५ मार्च, शनिवार

इंजिन उतरवलं. पिस्टन बोअरमध्ये चिकटून बसलेला. डिझेल ओतून चार दिवस भिजत ठेवला होता, आज लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकला, तेव्हा कुठे सुटला. रिंगा गेल्यात. बोअर मात्र वाचेल.

दादा दारात खुर्ची टाकून बसतो. नाकात नळी, शेजारी सिलिंडर, आणि तोंड चालूच. पाना असा काय धरलायस, इतकी वर्षं कारखान्यात काय चहा ढवळलास का? दर चार वाक्यांनंतर थांबतो, दम घेतो, मग उरलेला टोमणा पूर्ण करतो.

गाडी होती तशी करायला तो तयार नाही. पुढचा ड्रम ब्रेक काढ, डिस्क बसव. पॉइंटचं इग्निशन काढ, इलेक्ट्रॉनिक घाल. मी म्हणालो, जुन्या गाडीची सगळी शान जाईल. म्हणाला, शान गेली चुलीत, पोर चालवणार आहे. डिस्कला चिमटणाऱ्या कॅलिपरसाठी पुढच्या फोर्कवर ब्रॅकेट लागेल. ती कारखान्यात करून आणतो.

हिने आज त्याच्या चष्म्याच्या घरातलं फडकं धुवायला मागितलं, मळून काळं झालंय म्हणून. केवढा खेकसला! घर उशीखाली सारलं. ही बिचारी वरमून परत आली.

१८ मार्च, मंगळवार

आज चेन बघायची ठरवली होती. नाही बघितली.

२२ मार्च, शनिवार

बघितली.

जोडाची कडी एका टोकाला अडकून आहे. तिची वरची पट्टी नाही, क्लिप नाही. आपटताना उडाली असेल. असेलही! पडलेल्या गाडीचं काय काय उडतं.

मग इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं कवच, घासायला घेतली. चेन फिरवणाऱ्या पुढच्या छोट्या चक्राच्या मागे एकवीस वर्षांचं ग्रीस साचलेलं. खरवडलं. खाली भेग निघाली, बोटभर लांब, आणि त्या जागी धातू ठोकल्यासारखा पिचलेला. हे कशाने होतं ते मला माहीत आहे. चालत्या गाडीची चेन सुटली की तिथे गोळा होते, केस फोडते आणि मागचं चाक जाम करते. गाडी नुसती आडवी पडून अशी भेग जात नाही. म्हणजे आधी चेन, मग वळण.

हातातली केस खाली ठेववेना. वर पाहिलं तर दादा चष्मा पुसत होता.

२३ मार्च, रविवार

घास उतरत नाही. ही विचारते, काय झालं? म्हटलं, पित्त.

बुटकी सकाळी येऊन गेली. फाटकापर्यंतच येते, दादा आल्यापासून आत पाऊल टाकत नाही. मला पित्त झालंय असं हिने सांगितलं म्हणून माझ्यासाठी औषध घेऊन आली होती. आता माझ्याहून चार बोटं उंच आहे, शाळेत गणित शिकवते, आणि मी अजून बुटकी म्हणतो. औषध वेळेवर घे म्हणून दम दिला. मला तिच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

नवीन चेन आणायला निघालो. दादाने हाक मारली. "क्लिपचं लॉक आणू नकोस. रिव्हेटचं आण."

रिव्हेटची कडी ठोकून कायमची बसवतात, ती सुटत नाही. का, असं विचारलं. म्हणाला, हल्ली सगळे तेच घालतात. ह्याला काय माहीत हल्ली काय घालतात! एकवीस वर्षांत मोटरसायकलला शिवलेला नाही हा.

दुकानात मला आपण काय मागायला आलोय तेच सुचेना.

३० मार्च, रविवार

सांगून टाकलं. बुटकीच्या घरी गेलो, खुर्चीवर बसलो आणि सांगितलं. क्लिप, पकड, तीन दात, केसची भेग, सगळं. ती वह्या तपासत होती. लाल पेन तसंच हातात राहिलं. म्हणाली, हे आत्ताच का सांगतोयस? म्हटलं, तो चाललाय, त्याला तू हवी आहेस. ती उठली, चपला घातल्या, माझ्याबरोबर निघाली. मी मनाशी म्हटलं, पोरगी गेली आपल्या हातची. पण दादाला तरी मिळेल.

खोलीच्या उंबऱ्यावरच थांबली. एकवीस वर्षांत त्याच्याशी पहिल्यांदा बोलली — "काका म्हणतो, चेन सुटली होती. त्याने नीट बसवली नव्हती. खरं आहे का?"

दादाने नाकातली नळी बाजूला केली.

"खोटं बोलतोय तो. मी ऐंशीवर होतो. तुझी आई हळू म्हणत होती. मी ऐकलं नाही."

मी ओरडलो — मग केसची भेग? म्हणाला, गाडी घेतली तेव्हाच फुटकी होती केस, जुनी म्हणूनच घेतली होती, तुला कुठे आठवतंय. आणि धाप लागली. हिने नळी परत लावली. बुटकी तशीच मागे फिरली.

फाटकापाशी तिने माझे दोन्ही हात धरले. "काका, माझ्यासाठी इतकं मोठं खोटं अंगावर घ्यायला निघालास?" रडत होती. माझ्यावर इतकी माया तिने आजवर कधी दाखवली नसेल.

१ एप्रिल, मंगळवार

केस खरंच आधीची फुटकी असेल? गाडी जुनी घेतली होती हे खरं. तेव्हा मी इंजिन उघडलंच नव्हतं हेही खरं. आणि दादा खोटं कशाला बोलेल? इतक्या शेवटाला आलेला माणूस स्वतःवर बालंट कशाला ओढवून घेईल, तेही पोटच्या पोरीसमोर!

मी नव्हतो. लिहून बघतो — मी नव्हतो.

काल पोटभर जेवलो. ढाराढूर झोपलो. लाज वाटते लिहायला, पण सकाळी गाडी घासताना शीळ घालत होतो. हिने आत येऊन बघितलं, हा कोण म्हणून!

५ एप्रिल, शनिवार

दादाला आता बसवत नाही. खाट दाराशी ओढून घेतली, तिथून त्याला गाडी दिसते. केस वेल्डिंगवाल्याकडून भरून आणली, इंजिन चढवलं. डिस्क बसली. चेन घातली, रिव्हेट स्वतः ठोकलं. तीनदा तपासलं.

मग राहवलं नाही, त्याच्याजवळ बसलो. विचारलं, त्या दिवशी तिला सांगितलंस ते खरंच ना?

"तिला घर लागतं रे," म्हणाला. "तेव्हाही लागत होतं." आणि भिंतीकडे वळला. आम्ही तिला वाढवली त्याचे आभार मानतोय असं मला वाटलं. पाय चेपत बसलो थोडा वेळ.

९ एप्रिल, बुधवार

चालू झाली! सकाळी अकराच्या सुमाराला, चौदाव्या किकला. आधी खोकली, मग धूर, मग धरलं तिने. भांडी वाजली स्वयंपाकघरात.

दादाने डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोलला — टायमिंग जरा पुढे आहे. मग हाताने खूण केली, बंद कर.

११ एप्रिल, शुक्रवार

दादा गेला. सकाळी, चहाच्या वेळेला.

बुटकी आली. दाराबाहेर उभी राहिली. म्हणाली, मी तुझ्यासाठी आलेय, काका, तुझ्या भावासाठी नाही. सगळं होईपर्यंत माझा दंड धरून होती. त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

दादाची खाट आवरली. चष्म्याच्या घरात, त्या काळ्या फडक्याखाली, क्लिप. एका पायावर पकडीचे तीन दात.

महिनाभर त्या वळणावर मान खाली घालून तो ही शोधत होता. सापडली त्या दिवशी थांबला.

क्लिप खिशात घातली आहे. बुटकीकडे निघालोय. आता तिला माझं खरं वाटेल.