खोकल्याचं गाणं

किंग्स्टन,
३ फेब्रुवारी १९९७

चि. आयसिल्डास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. इथल्या उन्हात मोजे घालून मी एक दुपार व्हरांड्यात बसून पाहिलं. शाळेत पाठ केलेली हिमवर्षावाची कविता आठवली, आणि घाम आला.

दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या आपल्या भावाचा, क्लोव्हिसचा, गुडघा धरला आहे, हे तुझ्या पत्रातून समजलं. मिठाच्या गरम पाण्याने शेक म्हणावं. माझं नाव घालू नकोस, नाहीतर तो शेकणार नाही.

आता मुद्दा. लंडनचे कुणी श्री. ट्रिंबल जुन्या रेगे तबकड्या नव्याने काढतात. त्यांना ‘खोकल्याचं गाणं’ हवं आहे. हे नाव वाचून अठ्ठावीस वर्षांनीही माझे कान तापले.

तू तेव्हा बर्मिंगहॅमला होतीस, म्हणून तुला एकदाच सरळ सांगतो. गाणारा क्लोव्हिस, शब्द माझे. नाव होतं ‘पुलापाशी थांब’. खोली एक, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे, सहा वादक आणि दोन मायक्रोफोन. मी शाळेतून तसाच गेलो होतो; सहा तास फळ्यावर वृत्तं शिकवून घशात खडूची भुकटी साठलेली. पहिलं कडवं संपलं आणि मला खोकला आला. निर्माते मिस्टर लायनेल म्हणाले, टेप काही फुकट मिळत नाही, खोकला बेस गिटारखाली झाकला जाईल. बेसखाली बाकी सगळं झाकलं गेलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मैदानात नाचासाठी गाणी लावणारा आपला डकी ही तबकडी त्याच्या ध्वनिक्षेपकांवर वाजवू लागला आणि रिवाजाप्रमाणे त्याने तिचं लेबल खरवडून काढलं, म्हणजे दुसऱ्या कुणा साउंडवाल्याला गाणं कुठलं ते कळू नये. दुसऱ्यांना कळलं नाही, तसं कुणालाच कळलं नाही. गाण्याचं नाव गेलं, क्लोव्हिसचं नाव गेलं, खोकला राहिला. लोक डकीकडे ‘तो खोकला लाव’ अशी फर्माईश करायचे, आणि ती जागा आली की अख्खं मैदान एकदम खोकायचं. त्या वर्षापासून क्लोव्हिस माझ्याशी बोललेला नाही.

ट्रिंबल म्हणतात, त्यांचं यंत्र भातातला केस काढावा तसा खोकला काढतं. लेबल शाबूत असलेली तबकडी फक्त तुझ्याकडे आहे, आईने पेरूच्या जेलीबरोबर पाठवलेली. ती त्यांना नेऊन दाखव. मी सत्तरीचा झालो. क्लोव्हिसने माझ्याशी एकदा बोलावं, एवढंच मला हवं आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे. उरला तर दोन गल्ल्या पलीकडे पाठव.

तुझा दादा,
रॅन्सफर्ड


बर्मिंगहॅम,
२४ फेब्रुवारी १९९७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तबकडी मांडीवर घेऊन बसने लंडनला गेले. श्री. ट्रिंबल यांनी ती हाताळायला पांढरे हातमोजे घातले. मीही माझे काढले नाहीत, कारण त्यांच्याकडे शेगडी नव्हती.

दादा, ती तबकडी सुरू झाली की आधी मासे तळल्यासारखा आवाज येतो. मधलं भोक जरा बाजूला पडलं आहे, त्यामुळे ऑर्गन प्यायल्यासारखा झुलतो. ट्रिंबल म्हणाले, तबकडीचं प्लॅस्टिकही जुन्या तबकड्या वितळवून केलेलं दिसतं. आणि मग बेस आला, तो कानात नाही, गालिच्यातून तळपायात. कुणीतरी खुर्ची सरकवलेली ऐकू येते. क्लोव्हिसचा ताल धरणारा पाय ऐकू येतो, डाव्या बुटाची टाच सुटलेली. मी ती खोली कधी पाहिली नाही. पण तेवढा वेळ मी तिथे दारापाशी उभी होते.

मग तुझा खोकला आला. मी एकसष्ट वर्षांची, चर्चच्या समितीवर असलेली बाई, आणि मी बरोबर खोकले. ट्रिंबलही खोकले. संग्राहकांत तशी पद्धत आहे म्हणाले.

यंत्राने खोकला छान गेला. त्याच्याबरोबर मासे, खुर्ची आणि बूटही गेला. माझं मत मी सांगणार नाही. मला मत आहे, एवढं ध्यानात ठेव. साफ केलेली कॅसेट आणि लेबलाचा फोटो दोघांनाही वेगवेगळे पाठवते आहे. एका पाकिटात घालावं असे तुम्ही भाऊ नाही. जुनं छापायचं की साफ केलेलं ते गायकाने तीस एप्रिलच्या आत कळवायचं आहे.

मोजे थंडीसाठी होते.

माया कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी,
आयसिल्डा


किंग्स्टन,
१७ मार्च १९९७

चि. आयसीस आशीर्वाद.

कॅसेट मिळाली. लेबलाचा फोटो मिळाला. त्यावर माझं नाव आहे. मासेवाल्या मिस पॅन्सीला दाखवला. ती म्हणाली, अय्या, म्हणजे तो खोकणारा तूच का! असो.

कॅसेट घरी तीनदा ऐकली. आवाज स्वच्छ आहे. मी बँकेत रांगेत उभा राहून गातोय असं वाटतं, आणि वादक दुसऱ्या खिडकीपाशी. तरी काल रविवारी दुपारी डकीच्या मैदानात जुन्या गाण्यांचा नाच होता, तिथे घेऊन गेलो. डकीने लावली. मी नेहमीसारखा माइक घेऊन बरोबर गायला उभा राहिलो.

ती जागा आली. गाण्यात खोकला नव्हता. चाळीस माणसं होती, ती आपापली खोकली, पण कुणी आधी, कुणी नंतर. दवाखान्याचं बाकडं झालं. आणि मी दुसऱ्या कडव्यात शिरलोच नाही. जागाच सापडली नाही. अठ्ठावीस वर्षांत असं झालं नव्हतं. डकीने गाणं बंद केलं आणि सरबत वाटलं.

यातलं मास्तरला काही कळवू नकोस. तो अजून खोकतो का, एवढंच विचार.

गुडघा बरा आहे. मिठाच्या पाण्याचा उपाय त्याचाच, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

आहेस तशीच ऱ्हा.

क्लोव्हिस


किंग्स्टन,
१३ एप्रिल १९९७

चि. आयसिल्डास अनेक आशीर्वाद.

मी अजून खोकतो का, हे विचारणारं तुझं पत्र मंगळवारी आलं. नाही. निवृत्त झालो, खडू सुटला, खोकला गेला. असं उत्तर लिहून पाकीट चिकटवत होतो, तोच फाटकापाशी कुणीतरी काठी आपटली. क्लोव्हिस होता.

आत न येता म्हणाला, की एक प्रश्न इंग्लंडला जाऊन दोन गल्ल्या पार करायला तीन आठवडे घेतो आणि ट्रिंबलची तारीख जवळ आली आहे, म्हणून स्वतः विचारायला आलोय. मी म्हटलं, खोकत नाही. तो म्हणाला, वाटलंच, नको तेव्हा खोकतोस आणि हवं तेव्हा ठणठणीत. अठ्ठावीस वर्षांनंतरचं हे पहिलं संभाषण.

मग आत आला. बन आणि चीज खाल्लं. कॅसेट लावून तो गायला आणि जागेवर मी खोकून पाहिलं. जमेना. हेडमास्तर वर्गात शिरताना करतात तसा आवाज निघे. त्याने मला अकरा वेळा खोकायला लावलं, नववीच्या वर्गासमोर उभा केल्यासारखं.

बाराव्या वेळी तो थांबला आणि खाली बघत बोलू लागला. म्हणाला, त्या दिवशी खोलीत तो मोजणी चुकला होता. बेस एवढा जाड होता की कुठे शिरायचं ते समजेना. टेप फिरत होती आणि मिस्टर लायनेल काचेतून डोळे वटारत होते. तेवढ्यात मी खोकलो, आणि तो त्याच धक्क्याने आत शिरला. खोकला नसता, तर गाणंच झालं नसतं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं अबोला कशाचा? तो म्हणाला, लोक आधीच खोकल्याचं गाणं म्हणत होते. त्यांचंच बरोबर आहे हे तुझ्या तोंडावर कसं सांगायचं?

मी जन्मभर मुलांना कवितेतला यती शिकवला, ओळीतली थांबायची जागा. माझी एकच जागा बरोबर पडली आणि तिची मी इतकी वर्षं माफी मागत होतो.

तो आता खुर्चीत पाय पसरून बसला आहे. तुला वेगळं पत्र लिही म्हटलं, तर म्हणतो एका व्हरांड्यातून दोन तिकिटं कशाला. म्हणून उरलेली जागा त्याला देतो.

आमच्या दोघांवरची माया आता एकाच पाकिटात घालत जा.

तुझा दादा,
रॅन्सफर्ड

ता. क. — आयसी, ट्रिंबलला सांग, जुनंच छाप. मासे, खुर्ची, बूट, सगळं. नाव ‘पुलापाशी थांब’ असंच, मोठ्या अक्षरात, आणि गायक म्हणून माझं. खाली वादकांची यादी येईल. तिच्यात शेवटी लिही : खोकला — रॅन्सफर्ड मास्तर. मोजे मी नेतोय.
— क्लोव्हिस